वजनाच्या ऑपरेशननंतर पोट दुखतंय: कोणती तपासणी किती कामाची?

बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडणं) किंवा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) होऊन वर्ष-दीड वर्ष झालं, वजन उतरलं आणि पोट दुखायला लागलं. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, हातात अ‍ॅसिडिटीची गोळी. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीला जे दिसतं ते तिथे नव्हतं. आता कुणाला काय दिसतं ते बघू.

सोनोग्राफी पहिली करतात ते बरोबरच. वजन झपाट्याने घटलं की पित्ताशयात खडे धरतात आणि ते टिपण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. आतड्यांबाबत मात्र तिच्यावर विसंबू नये.

एंडोस्कोपीचं खरं काम बायपासनंतर, जठर-आतड्याच्या जोडावरचा अल्सर शोधण्याचं. खाल्ल्याबरोबर छातीच्या हाडाखाली कुरतडल्यासारखं होत असेल तर ती टाळू नका. तंबाखू आणि डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या हे नेहमीचे गुन्हेगार. अल्सर निघाला तर अ‍ॅसिड कमी करणारी कॅप्सूल उघडून आतले दाणे, न चावता, घेता येतील का हे डॉक्टरांना विचारा. पाउच, म्हणजे जठराचा उरलेला कप्पा, छोटा असल्याने अख्खी कॅप्सूल विरघळण्याआधीच पुढे सरकते. दाण्यांनी व्रण लवकर भरतो. या तपासणीची मर्यादा अशी, की बायपासमध्ये बाजूला ठेवलेल्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोचत नाही.

सर्वांत जास्त गफलत होते ती सीटी स्कॅनमध्ये. बायपासमध्ये आतड्याची नवी जोडणी करताना आतड्याला धरणाऱ्या पडद्यात फटी तयार होतात. शिवल्या तरी पडद्यातली चरबी वितळली की त्या पुन्हा उघडू शकतात. आतडं त्यातून सरकतं, पिळतं आणि कधी आपणहून सुटतं. हा अंतर्गत हर्निया. म्हणून कळ येते-जाते: जेवणानंतर नाभीच्या वर किंवा डावीकडे, पाठीत जाणारी, आणि थोड्या वेळाने जणू काही झालंच नव्हतं. कळ चालू असताना स्कॅन केला तर पडद्यातल्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या वळलेल्या दिसू शकतात. ओसरल्यावर केला तर फिल्म स्वच्छ येऊ शकते. उलटी नाही म्हणून हर्निया नाही, असंही नसतं. फिल्म बायपास करणाऱ्या सर्जनलाच दाखवा. अशी कळ वारंवार येत असेल तर सीटी नॉर्मल असूनही लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने, आत बघायचा सल्ला मिळतो. तो पैसे उकळण्याचा डाव समजू नका. फटी त्याच वेळी शिवता येतात.

एक तपासणी यंत्राशिवायची आहे, आणि नेमकी तीच राहून जाते. उताणं झोपायचं, दुखऱ्या जागेवर बोट दाबून ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायचे. पोट ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर उगम बहुधा पोटाच्या भिंतीत: स्नायूत अडकलेली नस किंवा टाक्याच्या जागचा हर्निया. नस असेल तर तिथे भुलीचं इंजेक्शन देताच दुखणं ओसरतं. निदानही तेच.

दुखण्याच्या डायरीला मात्र पूर्ण गुण. ‘रात्री ८:१० जेवण, ८:३० कळ, नाभीच्या डावीकडे, १० पैकी ७, ९:१५ ला गेली’ एवढी ओळ पुरे. गोड खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत मुरडा, जुलाब, धडधड म्हणजे बहुधा डंपिंग, अन्न आतड्यात फार वेगाने उतरणं. १ ते ३ तासांनी घाम आणि थरथर असेल तर त्याच क्षणी रक्तातली साखर मोजा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी होणारा बद्धकोष्ठही नोंदवा. कारण साधं आहे म्हणून कुणी विचारत नाही.

न थांबणारी कळ, ताप, काळी शौच, सतत उलट्या किंवा नाडी १२० च्या वर असेल तर डायरी ठेवून इमर्जन्सी गाठा. दारातच कोणतं ऑपरेशन झालंय ते सांगा आणि ऑपरेशन नोटची प्रत द्या. फटी शिवल्या होत्या का, हे त्यात असतं. नाकातून नळी अंदाजाने घालू देऊ नका, आधी सर्जनशी बोलायला सांगा. आणि उलट्या बरेच दिवस चालू असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन मागा. ते न देता ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.