वेल्सची पायी फेरी आणि गायब झालेले ३० मैल

लेस्टरला राहणारे आम्ही तिघे मित्र. कधीकाळी दर पावसाळ्यात हरिश्चंद्रगड, रतनगड करणारे. यंदा मे महिन्यात वेल्समध्ये चालायचं ठरवलं. अट एकच, जिथून निघू तिथेच परत यायचं. म्हणजे गाडी एकदा लावली की विसरायची.

ग्लिंडूर्स वे नावाची १३५ मैलांची वाट आहे. नायटन गावातून निघते, मखन्लेथला वळते आणि वेल्शपूलला संपते. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वेल्सच्या ओवेन ग्लिंडूरने १४०४ मध्ये मखन्लेथला संसद भरवली, त्याच्या नावाची ही वाट. मधली गावं इतकी छोटी की मुक्कामाला जेमतेम एखाददुसरं घर. म्हणून राहण्याची सोय आणि बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणं, दोन्ही करणारा एक आयोजक आम्ही इंटरनेटवर शोधला. 'नायटन ते नायटन, ९ दिवस, प्रत्येकी ६४० पौंड.' फोनवरचा माणूस इतका अगत्याने बोलायचा की माझ्या मोज्यांचीही चौकशी केली त्याने!

कार्डाने भरल्यास ४ टक्के जादा, असं तो म्हणाला. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८पासून ग्राहकाकडून असा आकार घ्यायला बंदी आहे. हे मला माहीत होतं, तरी ७७ पौंड वाचतील म्हणून थेट खात्यात पैसे पाठवले. क्रेडिट कार्ड वापरलं असतं तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरता आली असती. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपने 'खातेदाराचं नाव जुळत नाही' असं लाल अक्षरांत सांगितलं. आयोजक साहेब म्हणाले, "नवीन खातं आहे, होतं असं." मीही मान डोलावली.

चोरी पकडली ती नकाशाने. पैसे गेल्यावर पंधरा दिवसांनी (आधी नाही, ही माझी अक्कल) मी नकाशा पसरला. वाट वेल्शपूलला संपते. तिथून नायटनला यायचं तर ऑफाज डाइकच्या (इंग्लंड-वेल्स सीमेजवळचा जुना मातीचा बांध) वाटेने आणखी साधारण ३० मैल. त्यांच्या कार्यक्रमात नववा मुक्काम वेल्शपूल आणि पुढे थेट 'नायटनला समारोप'. हे ३० मैल कुठे गेले? यादीतल्या पहिल्या घरी फोन केला. बाई म्हणाल्या, आमच्याकडे तुमच्या नावाने काहीच नाही, आणि या महिन्यात असं विचारणारे तुम्ही तिसरे.

आयोजकाचा फोन बंद. त्याच दिवशी बँकेत तक्रार केली. अशा फसवणुकीत ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक आहे, पण १०० पौंडांपर्यंत कापता येतात. आमचे १०० कापलेच.

सप्टेंबरमध्ये एकेका घराला स्वतः फोन करून गेलो. नायटनच्या उत्तरेचा तो डाइकचा टप्पा चढउतारांनी नुसता पिळून काढतो. प्रत्येक चढाला धापा टाकत आमच्यातला एक म्हणायचा, "हा त्यांनी आपल्याला माफ केला होता रे!"