युसुफी की बेनकिरान : मोरोक्कोच्या अभ्यासासाठी कोणाची कारकीर्द निवडावी?

मोरोक्कोतील राजसत्ता आणि निवडून आलेले सरकार यांच्या नात्यावर लघुप्रबंध लिहू पाहणाऱ्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे अब्दररहमान युसुफी आणि अब्देलिला बेनकिरान या दोन माजी पंतप्रधानांच्या कारकिर्दी ठळकपणे उभ्या राहतात. एकीपुरताच वेळ हाताशी असेल, तर माझ्या मते युसुफींची निवडावी.

१९२४ साली टँजिअरमध्ये जन्मलेले युसुफी पेशाने वकील. १९५९ मध्ये मेहदी बेन बारका यांच्यासह डाव्या पक्षाच्या स्थापनेत ते होते, त्याच वर्षी वृत्तपत्राचे संपादक म्हणून त्यांना अटक झाली, आणि १९६५ मध्ये बेन बारका यांचे पॅरिसमध्ये अपहरण झाल्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये काढली. ज्या हसन दुसरे यांच्या राजवटीला त्यांनी आयुष्यभर विरोध केला, त्यांनीच फेब्रुवारी १९९८ मध्ये त्यांना पंतप्रधान नेमले. मात्र गृहखाते राजाचे विश्वासू द्रिस बसरी यांच्याकडेच राहिले आणि युसुफींनी ते मान्य केले. ही तडजोड होती की शरणागती, हा त्यांच्या अभ्यासातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. कारण डिसेंबर २००० मध्ये त्यांच्याच सरकारने तीन साप्ताहिकांवर बंदी घातली, आणि एकेकाळी संपादक म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाकडून हे व्हावे याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

बेनकिरान यांची चढण वेगळी. तरुणपणी ते एका कडव्या इस्लामवादी संघटनेत होते. तिच्यापासून फारकत घेऊन त्यांनी सनदशीर मार्ग धरला आणि २००८ मध्ये ते न्याय आणि विकास पक्षाचे सरचिटणीस झाले. २०११ च्या आंदोलनानंतर नवी राज्यघटना आली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला ३९५ पैकी १०७ जागा मिळाल्या. इंधनावरील अनुदान हटवण्याचा आणि निवृत्तीचे वय वाढवण्याचा अप्रिय निर्णय त्यांनी घेतला. तरीही २०१६ मध्ये पक्षाच्या जागा १२५ वर गेल्या.

दोघांची खरी तुलना दुसऱ्या विजयानंतर सुरू होते. २००२ मध्ये युसुफींचा पक्ष पुन्हा पहिला आला, पण हसन यांच्यानंतरचे राजे मोहम्मद सहावे यांनी कोणत्याही पक्षाचे नसलेले द्रिस जेत्तू यांना पंतप्रधान केले. तेव्हा राजाला अडवणारे कलम घटनेत नव्हते. सर्वाधिक जागा मिळवणाऱ्या पक्षातूनच सरकारप्रमुख नेमावा, असे बंधन २०११ च्या घटनेतील ४७ व्या कलमाने घातले. त्यामुळे बेनकिरान यांची कारकीर्द समजून घ्यायलाही आधी २००२ पाशी जावे लागते.

कायद्याचा शब्द आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर हाच ज्यांचा विषय आहे, त्यांनी मात्र बेनकिरान निवडावेत. नेमणूक मिळूनही पाच महिने त्यांना आघाडी जुळवता आली नाही. मार्च २०१७ मध्ये राजाने त्यांना दूर करून त्यांच्याच पक्षाचे सादेद्दीन ओस्मानी यांना नेमले; कलम अक्षरशः पाळले गेले. बोलणी अडली होती ती मुख्यतः एका लहान पक्षाला सरकारात घेण्याच्या अटीवर. बेनकिरान यांनी ती नाकारली, ओस्मानींनी स्वीकारली. तो पक्ष युसुफींचा होता.