लेबर कन्सल्टंट लावावा का? एका युनिफॉर्मवालीचा अनुभव

रेटिंग आधीच देऊन टाकते. कन्सल्टंटला पाचपैकी साडेचार. ज्या कायद्यांपायी त्याच्या दारात जावं लागतं, त्यांना माझ्याकडून दोन, आणि ते दोनही ईएसआयमुळे, म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या विम्यामुळे.

आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं काम आहे. अशोक चौकाच्या पलीकडे जागा, खाली प्रेस आणि पॅकिंग, वर शिलाई. सोलापुरात हा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा: गड्ड्याची यात्रा उठली की ऑर्डरी सुरू होतात, मार्च ते जून माणूस मिळत नाही, आणि शाळा सुरू झाल्या की निम्म्या मशीनवर कव्हर चढतं. सीझनला मला तीस माणसं लागतात. एरवी चौदा-पंधरा. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण कायदा वर्षभर एकसारखी माणसं आहेत असं धरून चालतो.

पीएफचा कायदा १९५२ चा. २० माणसं झाली की लागू. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण एकदा लागू झाला की पुढे माणसं बारावर आली तरी तो सुटत नाही, हे मला कन्सल्टंटकडे गेल्यावर कळलं. एका सीझनला मोठ्या संस्थेची ऑर्डर आली, त्यांना पीएफ कोड असलेलाच पुरवठादार हवा होता, म्हणून मी कोड घेतला. तेव्हापासून ऑर्डर असो नसो, दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलन भरायचंच.

आमच्या लाईनीत यावर ठरलेले उपाय आहेत. एक फर्म स्वतःच्या नावावर, दुसरी बायकोच्या, तिसरी भावाच्या. मशीनं एकाच छपराखाली, बोर्ड तीन. नाहीतर कटिंग आपण करायचं आणि शिलाईचे गठ्ठे विडी घरकुलात घरोघरी पोचवायचे. मीही दुसऱ्या उपायाचा विचार घेऊनच याच्याकडे गेले होते. त्याच्या आधीच्या कन्सल्टंटनं मला तोच सुचवला होता. त्या गृहस्थाच्या बिलात दर महिन्याला ‘किरकोळ’ अशी एक ओळ असायची. ती कशाची हे विचारलं की तो हसायचा. त्याला सोडला.

हा हसला नाही. साठीचा माणूस, पूर्वी गिरणीच्या टाइम ऑफिसात होता, नंतर काही वर्षं युनियनच्या ऑफिसात टायपिंग करायचा. दोन्ही बाजूंचे कागद हाताखालून गेलेले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, एकाच जागेत दोन बोर्ड लावले तरी इन्स्पेक्टर एकच धरतो. शाखा, खाती, सगळी मिळून एक आस्थापना, कायद्यातच लिहिलंय. आणि घरी काम दिलं म्हणजे सुटलो असं समजू नका. सोलापुरात बसून तुम्हाला हे माहीत नाही?” मग त्यानं १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. घरी बसून विड्या वळणारेही कारखान्याचेच कामगार, त्यांनाही पीएफ लागू, असा. ज्या शहरात घराघरात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, तिथल्या मालकिणीला हे माहीत नसावं याचं त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

याला मी चांगला सल्ला म्हणते. गिऱ्हाईक खूश होऊन जाईल असं न सांगता, पुढे अडकेल ते आधी सांगणं.

आता सेवेबद्दल. मस्टर आणि पगारपत्रक १० तारखेच्या आत व्हॉट्सॲपवर टाकलं की चलन तयार होऊन येतं, भरणा आपण करायचा. नवीन माणसाचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, काढणं, आधार जोडणं, सोडून गेलेल्याची तारीख टाकणं हे सगळं त्याच्याकडे. आमच्याकडे हे सोपं नाही. माझ्या निम्म्या बायका तेलुगू. आधारवर आडनाव एका स्पेलिंगनं, बँकेत दुसऱ्या, आणि लग्नाआधीच्या कागदावर तिसऱ्याच. एकीचं नाव तर तीन कागदांवर तीन बायका वाटाव्यात असं होतं. त्याच्या ऑफिसातली मुलगी तेलुगूत बोलून, फोनवर ओटीपी मागून घेऊन हे निस्तरते. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यानंतर प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायला हवं म्हणून त्यानं मराठीत एक पानाचा मसुदा करून दिला. माझ्या ओव्हरलॉकवालीनं तो वाचला आणि विचारलं, “अक्का, याच्यात रविवार लिहिलाय, मग मे महिन्यात बोलावता ते काय?” म्हणजे मसुदा समजण्यासारखा आहे.

अर्धा स्टार कापला तो फोनसाठी. १३ तारखेनंतर तो फोन उचलत नाही. गड्ड्याच्या दिवसांत तर नावच घेऊ नका.

फी महिन्याला अडीच हजार. मला ती खटकत नाही. खटकतो तो खालचा हिशेब. तो त्यानंच मला कागदाच्या पाठीवर मांडून दाखवला होता.

एका बाईचा पगार १२,००० धरा. तिच्या हिश्श्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे १,४४०. ईएसआय पाऊण टक्का, ९० रुपये. हातात राहिले १०,४७०. माझ्याकडून तेवढाच पीएफ १,४४०, विमा आणि प्रशासकीय खर्चाचा मिळून एक टक्का १२०, ईएसआय सव्वातीन टक्के ३९०. मला ती बाई पडली १३,९५० ला. बोनस वेगळा, सुट्ट्या वेगळ्या. माझ्या खिशातून जे गेलं आणि तिच्या हातात जे आलं, त्यात ३,४८० चं अंतर.

मालकाचा हिस्सा मालक भरतो असं सगळे म्हणतात. कागदावर भरतो. पण मी हाफ पँटचा रेट संस्थेला देते तेव्हा १३,९५० धरूनच देते, आणि बाईला पगार ठरवते तेव्हाही तेच धरते. म्हणजे तो पैसा तिच्याच मेहनतीचा, फक्त कुठे ठेवायचा हे ना तिनं ठरवलं ना मी. पीएफमध्ये तिचा हिस्सा तिच्याच नावावर जमा होतो, व्याज मिळतं, माझ्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शनला जातो, हे खरं. पण घरभाडं, मुलीची फी आणि कर्जाचा हप्ता असणाऱ्या बाईला तो आज हवा असतो. त्या मला सरळ सांगतात, “पीएफ नको, हातात द्या.” मला तसं करता येत नाही, आणि त्यांना नको म्हणता येत नाही. दोन शहाणी माणसं समोरासमोर बसून जे ठरवू शकतात ते तिसऱ्यानं दिल्लीत बसून आधीच ठरवून टाकलेलं असतं.

माझा भाऊ मोहोळकडे कांदा करतो. शरद जोशींचा लाल बिल्ला त्यानं वर्षानुवर्षं छातीवर लावला. माल कुठे विकायचा, कितीला विकायचा, हे शेतकऱ्यानं ठरवावं, सरकारनं मध्ये येऊ नये, हे मी त्याच्याकडून ऐकत मोठी झाले. कांद्याला जो न्याय तो शिलाईला का नाही, एवढंच माझं म्हणणं.

कन्सल्टंटला हे पटत नाही. त्याच्याकडे जाण्याचा एक फायदा म्हणजे चहाबरोबर भांडण फुकट मिळतं.

मी त्याला मागच्या सीझनचं उदाहरण दिलं. मे महिन्याचा पहिला आठवडा, ऑर्डर गळ्याशी आलेली. पीसवर काम करणाऱ्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन चालूच केली नाहीत. हाफ पँटचे १४ मिळायचे, १६ मागितले. झेंडा नाही, पावती नाही, कुणी बाहेरून आलेला पुढारी नाही. दुपारी तीनला मी हो म्हटलं. का? समोरच्या गल्लीतला युनिटवाला दारावर ‘टेलर पाहिजेत’ची पाटी लावून बसला होता. त्या तिथं गेल्या असत्या. मिल्टन फ्रीडमन नावाचे अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ हेच सांगायचे, कामगाराला एका मालकापासून वाचवतो तो दुसरा मालक. आणि जबरदस्त युनियन आपल्या सभासदांना जे जास्तीचं मिळवून देते, ते बहुतेक वेळा बाहेर राहिलेल्या दुसऱ्या कामगारांच्या तोंडचं असतं.

तो म्हणाला, “आणि समोरचा दुसरा मालकच नसला तर? गिरण्या बंद झाल्या तेव्हा कुठला दुसरा मालक आला होता, ताई?”

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूसारखी गिरणी बंद पडली तेव्हा माणसं रिक्षावर, मागावर, भाजीच्या गाडीवर गेली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण मी त्याला विचारलं, दुसरे मालक का आले नाहीत? १९७६ मध्ये कायदा आला की ३०० च्या वर कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी. मग १९८२ च्या दुरुस्तीनं तो आकडा १०० वर आणला. आत शिरल्यावर बाहेर पडायचं दारच नसेल तर शहाणा माणूस उंबऱ्यावरच थांबतो. टॉवेल आणि चादरीच्या धंद्यात शेकडो लहान लहान युनिटं का झाली, एक मोठं का झालं नाही, याची कारणं अनेक असतील. हे त्यातलं एक आहेच. नव्या संहितेनं तो आकडा परत ३०० केला. चांगलं केलं. पण माझं घोडं २० वरच अडलंय, त्याचं काय?

माझी मुलगी अर्थशास्त्र शिकते. तिनं बेस्ली आणि बर्जेस यांचा २००४ चा अभ्यास मला समजावून सांगितला. ज्या राज्यांनी औद्योगिक कलह कायद्यात कामगारांच्या बाजूनं दुरुस्त्या केल्या, तिथं नोंदणीकृत कारखान्यांतलं उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे राहिला. मी खूश. लगेच तिनंच दुसरं सांगितलं: त्या अभ्यासात गुजरातला कामगारांच्या बाजूचं राज्य धरलंय, का तर मालकांना दिवसाला ५० रुपये दंडाच्या एका दुरुस्तीमुळे, आणि आदित्य भट्टाचार्य यांनी त्यावरून झोडपलंय. म्हणजे आकड्यांनी वाद मिटत नाही. मला माझ्या मस्टरवर जास्त भरवसा आहे.

युनियनला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. चार बायका एकत्र येऊन भाव मागतात, तो त्यांचा हक्कच, मी तीन युनिफॉर्मवाल्यांबरोबर मिळून कापड घेते तसाच. विरोध आहे तो कायद्यानं एकाच युनियनला मक्तेदारी देण्याला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एकच प्रातिनिधिक युनियन असायची, बोलणी तिनंच करायची. मुंबईच्या गिरणी कामगारांना राष्ट्रीय मिल मजदूर संघ नको होता, दत्ता सामंत हवे होते, पण कायदा म्हणत होता की तुमचे प्रतिनिधी तेच. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाचं एक मूळ तिथंच होतं. कामगाराला नेता निवडायची मोकळीक नाही, तर तो कसला कामगारांचा कायदा? नव्या संहितेतही ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकटी बोलणार. बाकीच्या ४९ नी काय करायचं?

इथं कन्सल्टंट दर वेळी सोलापूरजवळच्या कुंभारीचं नाव काढतो. कामगार नेते आडम मास्तरांनी विडी कामगार बायकांना एकत्र करून तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं उभी केली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले. “हे तुमच्या बाजारानं केलं असतं का?” नसतं केलं. माझ्याकडच्या दोघी तिथंच राहतात, स्वतःच्या नावाच्या घरात. मी एवढंच म्हणते की ते केंद्राच्या आणि राज्याच्या अनुदानावर आणि बायकांच्या स्वतःच्या हप्त्यावर झालं, हजार विड्यांच्या मजुरीतून नाही. घर मिळालं, पण विडी सोडून दुसरं काम मिळालं का? त्यांच्या मुली माझ्याकडे शिलाईला येतात त्या त्यासाठीच.

आता ते दोन स्टार. माझ्या काजबटणवालीचं पोटाचं ऑपरेशन झालं. ईएसआयमधून झालं, खर्च शून्य, वर घरी बसलेल्या दिवसांचा ७० टक्के पगार तिच्या खात्यात. कागद कन्सल्टंटच्या मुलीनं एका दुपारीत केले, वेगळे पैसे घेतले नाहीत. बाहेर हेच केलं असतं तर तिनं मंगळसूत्र ठेवलं असतं आणि मला उचल मागितली असती. ईएसआय बायकांना नको असतं असं मी कधी ऐकलं नाही. पीएफची आणि ईएसआयची निवड त्यांच्यावर सोडली असती तर काय निवडलं असतं, हे मला ठाऊक आहे.

तर, घ्यावी का ही सेवा? दहाच्या आत माणसं असतील तर गरज नाही, उगाच फी घालवू नका. पंधराच्या पुढे गेलात की विसावं माणूस ठेवायच्या आधी जा, ठेवल्यावर नाही. सीझनच्या माणसांना ठरावीक मुदतीच्या नेमणुकीचं पत्र कसं द्यायचं ते नीट विचारून घ्या. नव्या नियमात वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी लागते. ऑफिस नवी पेठेत, जिना अरुंद. मस्टर, पगारपत्रक, सगळ्यांच्या आधारच्या आणि पासबुकाच्या झेरॉक्स बरोबर न्या. सकाळी अकराच्या आत गेलात तर तो निवांत असतो. चहा तोच मागवतो, भांडायची तयारी ठेवा.