पोलो जीटीचे पुढचे ब्रेक : नऊ महिने, साडेअकरा हजार किलोमीटर

गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ पेट्रोल, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची. पुढे डिस्क, मागे ड्रम. ऑक्टोबरात पुढच्या दोन्ही डिस्क प्लेट, त्यांना दाबून गाडी थांबवणारे पॅड आणि ब्रेक ऑइल एकदम बदललं. नव्याचे नऊ दिवस सगळंच छान वाटतं, म्हणून तेव्हा लिहिलं नाही. आता उसाचा हंगाम, सोलापूरचा मे महिना आणि पावसाची सुरुवात असं सगळं या ब्रेकवर काढून झालंय.

आधी त्रास काय होता ते सांगतो. आईला दर पौर्णिमेला तुळजापूरला घेऊन जातो. दर्शन करून परतताना घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पॅडल पायाखाली धडधडायचं. शहरात सात रस्ता ते आसरा चौक रोज जातो, तिथं काहीच जाणवायचं नाही. वेग साठ-सत्तरच्या वर असला आणि प्लेट तापली की सुरू. एकदा मागच्या सीटवरून आईनंच विचारलं, "गाडी अशी कापायला का लागली रे?" त्या दिवसापासून मला त्या उतारावर गाडी चालवायची भीतीच वाटायला लागली.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. "प्लेट वाकलीय" म्हणाले, लेथवर टर्निंग करून, म्हणजे वरचा थर घासून सपाट करून आणली, नवे पॅड टाकले. दोन महिने गाडी लोण्यासारखी थांबत होती. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच.

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण माझे पैसे याच ठिकाणी वाया गेले. रस्त्यावरच्या गाडीची प्लेट खरोखर वाकणं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा प्लेटची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. प्लेट आणि चाक ज्या फिरत्या बैठकीवर बसतात तो हब, त्याच्या तोंडावर गंज धरलेला असतो. त्या गंजामुळं प्लेट केसभर तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला तिची एकच जागा पॅडला घासत राहते. ती जागा हळूहळू पातळ होते, किंवा तापलेल्या पॅडचा मसाला, म्हणजे त्याचा घासणारा भाग, कुठंतरी थरासारखा चिकटून बसतो. जाडीतला हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचा, पण पायाला लगेच कळतो. त्यामुळंच थरथर पहिल्या दिवशी येत नाही, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर येते. माझी टर्निंग केलेली प्लेट परत त्याच गंजक्या हबवर चढवली होती, आणि दोष पुन्हा पहिल्यापासून तयार होत गेला.

दुसऱ्यांदा मात्र घाई केली नाही. जुन्या प्लेटच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. ती वाचून मायक्रोमीटरनं मोजलं, तर त्या मर्यादेच्या वर फक्त ०.४ मिलिमीटर शिल्लक होतं. म्हणजे परत टर्निंगचा प्रश्नच नव्हता.

खरेदीला बसलो तेव्हा भोकं पाडलेल्या, खाचा मारलेल्या प्लेटांवर माझाही जीव गेला होता. जीटीच्या चाकातून त्या दिसतातच तशा. पण हिशोब केला. दोन माणसं बसलेली ही गाडी साधारण साडेबाराशे किलो. शंभरच्या वेगावरून ती पूर्ण थांबवायची तर सुमारे ४८० किलोज्यूल उष्णता तयार होते, दीड लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी. तीही काही सेकंदांत, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन प्लेटांच्या वाट्याला येतो. ही उष्णता पोटात घ्यायला लोखंड लागतं. भोकं पाडली की लोखंड कमी होतं, आणि घाटात वारंवार तापून-निवून त्याच भोकांच्या कडेनं बारीक चिरा पडायला सुरुवात होते. भोकांची पद्धत आली ती जुन्या काळचे पॅड तापले की वायू सोडायचे म्हणून. आजच्या पॅडना त्याची गरज उरलेली नाही. शिवाय शेवटी गाडी थांबवतो टायर. माझी गाडी जुन्या ब्रेकवरही एबीएसपर्यंत, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सुरू होण्यापर्यंत, पोचत होती, म्हणजे ताकद कमी नव्हतीच. मला हवा होता तो एकसारखेपणा. म्हणून मूळ मापाच्या, साध्या, आतून हवा खेळणाऱ्या ब्रेंबोच्या प्लेटा घेतल्या. मागवण्याआधी चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि जुन्या प्लेटचा व्यास मोजून खात्री करा. फक्त "पोलोची द्या" म्हणून मागवू नका.

पॅडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकच कंपनी वेगवेगळ्या मसाल्याचे पॅड जवळजवळ सारख्याच खोक्यात विकते. मसाला आणि खुणा बघा. सिरॅमिक पॅड शांत, चाकं स्वच्छ ठेवणारे. मसाल्यात थोडा धातू असलेले लो-मेटॅलिक पॅड चावा जास्त घेतात, पण काळी धूळ उडवतात आणि प्लेटही थोडी जास्त खातात. शर्यतीचे पॅड रस्त्यावर नकोच, ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि सकाळी पहिल्याच सिग्नलला घात करतील. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी घर्षणाचं असेल तर तो पॅड घाटात ढिला पडणार. मी एफएफ खुणेचे लो-मेटॅलिक घेतले, आर९० शिक्का असलेले. त्या युरोपीय नियमात पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते.

बसवायला विजापूर रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. मी प्लेटचं खोकं कौतुकानं पुढं केलं, तर ते म्हणाले, "मालक, प्लेट झकास हाय. पण आधी हब बघू द्या." अर्धा तास त्यांनी फक्त हब घासला, तारेच्या ब्रशनं आणि मग पॉलिश पेपरनं, नखाला गुळगुळीत लागेपर्यंत. प्लेट चढवून बोल्टनं आवळली आणि फिरताना ती किती डुलते ते मोजायला डायल गेज लावला. डावीकडं ०.०३ मिलिमीटर, उजवीकडं ०.०२. ०.०५ च्या आत असलं की समाधान मानायचं. पॅड धरून दाबणारा जो कॅलिपर, तो ज्या पिनांवर सरकतो त्यातली उजवीकडची खालची पिन आत अडकलेली निघाली, म्हणून तिकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा झाला होता. पिना साफ करून त्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं. चाकाचे बोल्ट गननं ठासले नाहीत, टॉर्क पान्यानं १२० न्यूटन-मीटरला आवळले. आडवेतिडवे ठासलेले बोल्टही प्लेट तिरकी करतात.

ब्रेक ऑइल साडेतीन वर्षं जुनं होतं. डॉट ४ ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. उतारावर ते उकळलं तर पॅडल थेट तळाला जातं. हे काम चारशे-पाचशे रुपयांचं आहे, दर दोन वर्षांनी कराच.

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्कलकोट रोडला, वळसंगच्या अलीकडं, मोकळ्या पट्ट्यात नवे पॅड प्लेटवर घासून जुळवून घेतले. सत्तरवरून पंधरापर्यंत मध्यम दाबानं दहा वेळा, मध्ये गाडी पूर्ण न थांबवता. मग दहा-बारा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून प्लेटा निवू दिल्या. तापलेल्या प्लेटवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथंच ठसा उमटतो, म्हणून टोल किंवा सिग्नल आडवा येणार नाही असा रस्ता निवडा.

आता वापराबद्दल. पहिले तीनशे किलोमीटर पॅडल जरा लांब वाटलं, मग घट्ट झालं. जानेवारीत पुण्याहून रात्री येताना मोहोळजवळ पुढं अंधारात उसाची जोड ट्रॉली होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त वाढं लोंबत होतं. दिसली तेव्हा मी नव्वदला होतो. पूर्ण ब्रेक दाबला, एबीएस खडखडलं, गाडी सरळ रेषेत थांबली, स्टिअरिंग हातात शांत. बायको शेजारी होती. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. आमच्याकडं हंगामात रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ही ट्रॉली कधी ना कधी भेटतेच.

मेमध्ये पारा त्रेचाळीसवर असताना भर दुपारी घाट उतरलो, चार माणसं आणि सामान घेऊन. गिअर हातानं तिसऱ्यावर ठेवला होता. पायथ्याला पॅडल वरच्याइतकंच वर होतं, थरथर नाही, वास नाही.

तक्रारी आहेत. धूळ फार. धुतलेली चाकं आठ दिवसांत काळी होतात आणि पांढऱ्या गाडीवर ते डोळ्यांत खुपतं. सकाळी थंड गाडी रिव्हर्स घेताना हलकी चूं ऐकू येते, दोन-तीन ब्रेकनंतर जाते. पावसात रात्रभर उभी राहिली की घासपट्टीवर गंजाची लाल झाक येते, पहिल्या दोन ब्रेकला खरखरते आणि साफ होते, त्याला घाबरू नका. प्लेटच्या मधल्या टोपीवर आणि कडेला मात्र कंपनीचा राखाडी थर अजून शाबूत आहे.

खर्च प्लेटा, पॅड, ऑइल, मजुरी धरून तेरा हजारांच्या आसपास. ज्यांची गाडी शहराबाहेर क्वचित जाते त्यांनी सिरॅमिक घ्यावेत, त्यांना ही धूळ सोसायचं कारण नाही.

गेल्या रविवारी चाकं काढून मोजलं. नऊ महिन्यांत पॅडचा मसाला सव्वादोन मिलिमीटर झिजलाय, प्लेट ०.२ नं उतरली. डायल गेज अजून ०.०४ च्या आत. फक्त उजवीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त गेलाय. तीच खालची पिन असणार. अण्णांना फोन केला, ते म्हणाले, "पाऊस वाढायच्या आत आणा मालक, नवीनच टाकू." गुरुवारी गाडी नेतोय.