सहा-सात माणसांसाठी: वापरलेली क्रिस्टा की नवी अर्टिगा?

पुण्यात मोठ्या कुटुंबासाठी गाडी घ्यायची ठरली की चर्चा बहुधा दोन पर्यायांवर येऊन ठेपते: सहा-सात वर्षे वापरलेली डिझेल इनोव्हा क्रिस्टा किंवा नवी सीएनजी अर्टिगा. किमतीत फार अंतर नसले तरी टिकाऊपणाचा हिशेब मात्र दोन्हींचा वेगळा आहे.

२०१६ मध्ये आलेल्या क्रिस्टाचे २.४ लिटरचे इंजिन आणि लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या भक्कम पोलादी सांगाड्यावर, बसवलेली बॉडी भार सोसण्यासाठीच घडवलेली आहे. सात माणसे आणि टपावर सामान घेऊन खंबाटकी किंवा ताम्हिणी चढताना तिची दमछाक होत नाही, आणि वेळच्या वेळी ऑइल बदलले असेल तर दोन-अडीच लाख किलोमीटरनंतरही इंजिनाला हात लावावा लागला नाही, असे सांगणारे मालक सहज भेटतात. खर्च क्वचित निघतो, पण निघाला की मोठा असतो. क्लच, इंजेक्टर किंवा टर्बो यांपैकी काहीही बदलायचे झाले तर अर्टिगाच्या वर्षभराच्या देखभालीपेक्षा जास्त पैसे एका फेरीत जातात.

शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. कोथरूड ते हिंजवडी अशा रोजच्या रखडत्या वाहतुकीत ते घडत नाही आणि इशाऱ्याचा दिवा लागतो. ज्यांचा महिनाभराचा प्रवास शहरातच होतो, त्यांनी म्हणूनच डिझेलचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्टिगाच्या तक्रारी बारीकसारीक आणि स्वस्त असतात. खड्डे आणि स्पीडब्रेकर यांमुळे पुढून खटखट ऐकू येऊ लागली तर ती बहुतेकदा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची किंवा बुशची असते, आणि कोणताही मेस्त्री ती थोड्या वेळात दुरुस्त करतो. सीएनजीवर घाटात ताकद कमी पडते, मागची रांग वापरात असताना सामानाला जागा जवळपास उरत नाही आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करावीच लागते; पण गाडी रस्त्यात बंद पडल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते.

वर्षातून तीन-चारदाच कोकणात किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या कुटुंबाने अर्टिगा घ्यावी. दर पंधरवड्याला भरल्या गाडीने गावी जाणाऱ्यांना क्रिस्टाच परवडेल, मात्र तिचा पूर्वेतिहास स्वच्छ असला पाहिजे. रीडिंग साठ हजार दाखवत असताना क्लच पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल किंवा स्टिअरिंगचे कातडे चकाकत असेल, तर रीडिंग मागे फिरवलेले असू शकते; अशा वेळी सर्व्हिस सेंटरमधील नोंदी आणि आरसीवरील मालकांचा क्रम पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. पूर्वी पिवळ्या पाटीवर धावलेल्या गाड्याही पांढरी पाटी लावून विकायला येतात.