स्टिकर लावलेला देवगड हापूस : दोन डझनांच्या एका पेटीचे परीक्षण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराकडून मी दोन डझन हापूस मागवला. पुण्यात घरपोच, वाहतूक धरून 2,300 रुपये, म्हणजे एक फळ जवळजवळ 96 रुपयांना पडले. त्याच आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवर ‘हापूस’ म्हणूनच विकला जाणारा आंबा 600 रुपये डझन होता. दोन भावांतला हा फरक नेमका कशाचा, चवीचा, गावाचा की पुठ्ठ्यावरच्या छपाईचा, असा प्रश्न दर उन्हाळ्यात घरात निघतो. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे त्याचे उत्तर माझ्याकडे असावे अशी घरच्यांची समजूत आहे. या पेटीच्या निमित्ताने ते शोधण्याचा मी जरा शिस्तीने प्रयत्न केला.

बागायतदाराकडून थेट घेण्याचे कारण दोन वर्षांपूर्वीचे आहे. एका विक्रेत्याकडून मी ठसठशीत अक्षरांत ‘देवगड’ छापलेला खोका घेतला होता. वरचा थर चांगला होता. खालचा थर काढताना फळांखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद हाती आला, तो कानडी होता. कानडी कागद देवगडात पोचूच शकत नाही असे नाही, आणि कर्नाटकातला आंबा वाईट असतो असेही मुळीच नाही. पण विक्रेत्याला विचारल्यावर तो ज्या घाईने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तिच्यावरून जे समजायचे ते मी समजले.

यंदाची पेटी पुठ्ठ्याची होती, बाजूंना हवेसाठी भोके, आत भाताचा पेंढा, आणि फळे देठाकडची बाजू खाली करून दोन थरांत नीट बसवलेली. सगळी फळे कच्ची, गर्द हिरवी. सोबतच्या चिठ्ठीत हाताने लिहिले होते की पेटी आल्याबरोबर उघडावी, फळे पेंढ्यावर एका थरात मांडावीत, पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नयेत आणि खाण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात ठेवावीत. प्रत्येक फळावर नखाएवढ्या अक्षरांचा सांकेतिक क्रमांक असलेले एक स्टिकर होते, आणि या परीक्षणाचा खरा विषय तेच आहे.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून ही पद्धत आणली. प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लागते. क्रमांकाचा एक भाग दर्शनी बाजूला असतो, दुसरा आत दडलेला असतो. दिलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर स्टिकरचा फोटो पाठवला की आतला भाग विचारला जातो. तो वाचण्यासाठी स्टिकर सोलावे लागते आणि सोलताना ते फाटते, म्हणून दुसऱ्या फळावर पुन्हा चिकटवता येत नाही. दोन्ही भाग जुळले की फळ कोणाच्या बागेतले, कोणत्या गावचे, हे कळते. बागायतदाराला ही स्टिकरे हवी तेवढी मिळत नाहीत, त्याच्या झाडांच्या अंदाजे उत्पन्नाच्या हिशेबाने मोजून मिळतात. माझ्या मते या योजनेतले सगळ्यात शहाणपणाचे कलम हेच आहे, कारण ते नसते तर खऱ्या बागायतदारानेच बाहेरचा आंबा आणून त्यावर खरी स्टिकरे लावली असती.

हे शहाणपण का, हे सांगण्यासाठी 1970 साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी लिहिलेल्या एका छोट्या निबंधाकडे जावे लागते. अमेरिकेत बिघडक्या जुन्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. मोटार लिंबू आहे की नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच मोटारींना सरासरी भाव देऊ करतो, त्या भावात चांगली मोटार विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या मोटारीवाले बाजारातून बाहेर पडतात, आणि मागे लिंबेच उरतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता, पुढे 2001 साली त्याच कामासाठी लेखकाला नोबेल मिळाले. आपल्या वाचकांना गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे अकरलॉफ त्यापूर्वी काही काळ दिल्लीत राहिले होते, आणि बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे वेचत बसणारी भारतीय गृहिणी त्या निबंधात आली आहे. आमच्या आजीचे सूप अर्थशास्त्रात अशा वाटेने पोचले.

हापूसचा बाजार हे त्याच दुखण्याचे ठळक उदाहरण आहे. भौगोलिक मानांकनाने ते बरे होईल अशी आशा होती. 2018 साली हापूसला मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क ठरला. परंतु मानांकन कागदावर असते, आंबा हातगाडीवर असतो, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. खोका कोणीही छापून घेऊ शकतो. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली दाखवून दिले की एखादी खूण विश्वासार्ह ठरते ती सुंदर असते म्हणून नव्हे, तर ती लबाडाला खऱ्यापेक्षा महाग पडते म्हणून. छापील खोका दोघांनाही सारख्याच किमतीत पडतो, म्हणून खूण या नात्याने त्याची किंमत शून्य. मोजून मिळणारे आणि सोलताना फाटणारे स्टिकर मात्र लबाडाला खरोखर महाग पडते.

तरीही वापरणाऱ्याच्या बाजूने ही सोय त्रासाची आहे, हे नोंदवले पाहिजे. मी चोवीसपैकी चार फळे तपासली. पहिल्याला हौस होती. दुसऱ्याच्या वेळी आतले बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधावा लागला, तिसऱ्याचा फोटो अंधुक निघाला म्हणून पुन्हा काढावा लागला, चौथ्यानंतर मी थांबले. चारही क्रमांक जुळले आणि गाव तेच निघाले. उरलेली वीस फळे मी विश्वासाने खाल्ली. लोकलमध्ये तिकीट तपासनीस प्रत्येक डब्यात चढत नाही, तरी पुष्कळ लोक तिकीट काढतात. इथेही दहातल्या एका गिऱ्हाइकाने तपासले तरी धाक पुरेसा राहील. अडचण एवढीच की तपासनिसाला त्या कामाचा पगार मिळतो आणि इथे चष्मा गिऱ्हाइकाने स्वतः शोधायचा असतो. सगळेच माझ्यासारखे चौथ्या फळाला थांबू लागले, तर काही वर्षांत स्टिकरचाही खोका होईल.

आता फळाविषयी. सहाव्या दिवशी पहिली पाच फळे तयार झाली. खोलीत शिरताच कळावे असा घमघमाट सुटला होता. साल मात्र एकसारखी पिवळी नव्हती, खांद्याकडे केशरी, पोटाकडे हिरवट, आणि पूर्ण पिकल्यावर पातळ सालीला बारीक सुरकुत्या. हेच फळ हातगाडीवर ठेवले तर गिऱ्हाईक ते बाजूला सारेल, कारण आपली नजर गुळगुळीत, एकरंगी पिवळ्या सालीला सरावलेली आहे. तो एकसारखा पिवळेपणा पुष्कळदा कॅल्शियम कार्बाइडने आणलेला असतो. आपल्याकडे त्यावर बंदी आहे, आणि पिकवण्यासाठी ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरण्याची परवानगी आहे. म्हणजे गिऱ्हाईक ज्या रंगाला गुण समजते, तोच रंग अनेकदा वाईट पिकवणीची निशाणी असतो. व्यवस्थापनाच्या वर्गात ग्राहकाच्या धारणेवर तासन्‌तास बोलले जाते, पण धारणा चुकीची असली की बाजार प्रामाणिक विक्रेत्याला शिक्षा करतो, हे हातगाडीपाशी पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते.

धारणेचाच विषय निघाला म्हणून घरी एक प्रयोग केला. 2008 साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एकच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून पाजली, तेव्हा लोकांना महाग सांगितलेली वाइन अधिक आवडली होती, आणि मेंदूच्या चित्रणातही तो फरक दिसला होता. माझ्याकडे मेंदू तपासायचे यंत्र नव्हते, सात पाहुणे होते. दोन ताटल्यांत याच पेटीतल्या आंब्याच्या साल काढलेल्या फोडी ठेवल्या, एका ताटलीतला आंबा 1,150 रुपये डझन आणि दुसरीतला 600 रुपये डझन आहे असे धडधडीत खोटे सांगितले. सातांपैकी पाच जणांना पहिल्या ताटलीतला आंबा अधिक गोड लागला. एकाने दोन्ही सारखेच म्हटले. मूळच्या कणकवलीच्या असलेल्या माझ्या काकूंनी दुसरी फोड तोंडात टाकून माझ्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हे दोन्ही एकाच झाडाचे दिसतात.” मग खरी परीक्षा घेतली. याच पेटीतला आंबा आणि हातगाडीवरचा, काहीही न सांगता. चौघांनी देवगडचा बरोबर ओळखला, तिघे चुकले, म्हणजे नाणे उडवूनही जवळपास हेच उत्तर आले असते. काकूंनी फोडीला हात न लावता दोन्ही आंब्यांच्या साली मागितल्या, हुंगल्या आणि उत्तर दिले. सात माणसांच्या प्रयोगातून कोणताही सिद्धान्त निघत नाही, पण चवीतल्या फरकासाठी आपण जेवढे पैसे मोजतो तेवढा फरक आपल्यापैकी पुष्कळांच्या जिभेला कळत नाही, असा संशय मला पूर्वीही होता आणि आता तो वाढला आहे.

पेटीत खोट निघाली ती नवव्या दिवशी. दोन फळे बाहेरून देखणी, हाताला योग्य तेवढी मऊ, वासाला उत्तम, आणि कापल्यावर कोयीभोवती फिकट, पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. कोकणात याला साका म्हणतात. हापूसचा हा जुना रोग आहे, आणि उतरवलेले फळ उन्हात तापलेल्या जमिनीवर पडून राहिले तर तो वाढतो असे फळसंशोधक सांगतात. मी बागायतदाराला फोन केला. तक्रारीच्या सुरात बोलायचे मनात होते, पण त्यांनी पहिल्याच वाक्यात हवा काढून घेतली. “ताई, साका वरून दिसत नाही. तुम्हाला कापल्यावर कळतो, मलाही तेव्हाच कळतो. फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देतो.”

त्यांच्या त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते, कारण माझी मांडणी त्याने दुरुस्त केली. अकरलॉफ यांच्या बाजारात विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. साक्याच्या बाबतीत दोघांनाही ठाऊक नसते. तिथे लबाडी नाही, फक्त जोखीम आहे, आणि जोखमीवर उपाय खुणेचा नव्हे, विम्याचा असतो. फळ खराब निघाले तर भरून देईन, हा शब्द म्हणजे तो विमा. फिलिप नेल्सन यांनी 1970 साली आणि डार्बी व कार्नी यांनी 1973 साली, हे तिघेही अर्थशास्त्रज्ञ, मालाच्या गुणांची जी वर्गवारी केली ती इथे चपखल बसते. काही गुण घेण्यापूर्वी पाहून कळतात, काही वापरल्यावर कळतात, आणि काही वापरल्यावरही कळत नाहीत. आंब्याचा आकार पहिल्या वर्गात, चव आणि साका दुसऱ्या, तर गाव आणि पिकवण्याची रीत तिसऱ्या. स्टिकर तिसऱ्या वर्गातल्या अर्ध्या प्रश्नाचेच उत्तर देते. फळ कुठले हे ते सांगते, कसे पिकवले हे सांगत नाही. या पेटीत तो उरलेला अर्धा प्रश्न फळे कच्ची पाठवून सोडवलेला होता. पिकवण माझ्याच घरात, माझ्याच पलंगाखाली झाली. पिकलेले फळ स्टिकर लावून विकणाऱ्याकडून मी ते घेतले असते तर त्या बाबतीत मी पूर्वीइतकीच अंधारात राहिले असते. ग्राहकांनी आणि जाहिरात करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवला तर बरे, कारण ‘स्टिकर आहे म्हणजे सगळे शुद्ध’ अशी समजूत आत्ताच ऐकू येऊ लागली आहे.

किमतीबद्दल माझे मत असे. हातगाडीवरच्या 50 रुपयांच्या फळापेक्षा या फळाला जे 46 रुपये जास्त पडले, त्यांतला चवीचा वाटा मला लहान वाटतो. मोठा वाटा फसवले न जाण्याच्या खात्रीचा आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा आहे. आमरसासाठी आंबा हवा असेल आणि त्यात साखर-वेलदोडा पडणारच असेल, तर ही पेटी घेणे उधळपट्टी आहे. कापून फोडी खायच्या असतील, परगावी कोणाला भेट द्यायची असेल, किंवा घरात कणकवलीच्या काकू असतील, तर पैसे वसूल होतात. लगेच खायचा असेल त्याने या वाटेला जाऊ नये, कारण सहा ते नऊ दिवस वाट पाहावी लागते आणि रोज फळे चाचपून निवडावी लागतात. स्टिकरवरचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापला आणि चिठ्ठीत साक्याच्या भरपाईचे एक वाक्य घातले, तर या सेवेत आणखी काही मागण्यासारखे मला दिसत नाही. भरपाईचा शब्द फोन केल्यावर मिळतो, पण फोन न करणारे गिऱ्हाईक तो ऐकल्याशिवायच निघून जाते.

मेच्या मध्यावर मी दुसरी पेटी मागवली. दोन डझनांच्या जागी अठ्ठावीस फळे निघाली, दोन खराब फळांची भरपाई चार फळांनी. चोवीसांवर स्टिकर होते, वरच्या चारांवर नव्हते. विचारल्यावर बागायतदार म्हणाले, “ताई, स्टिकरं मोजून मिळतात, भरपाईला कुठून आणू?” ती चार फळे वेगळी काढून मी आधी खाल्ली.