अंगठ्याचा सांधा कायमचा बंद करून घेतला : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं पुराण. उजव्या पायाच्या अंगठ्याचा सांधा प्लेट आणि स्क्रू घालून कायमचा जोडून घेतला, त्याला आता आठेक महिने होत आले. चालताना दुखत नाही. अंगठा वाकत नाही. दुसरं वाक्य ऐकून नातेवाइकांचे चेहरे पडतात, पण ऑपरेशनआधी तरी तो कुठे धड वाकत होता? वाकत नव्हता आणि वर ठणकत होता.

आजाराचं नाव हॅलक्स रिजिडस. अंगठा पावलाला जिथे जुळतो त्या सांध्यातली कूर्चा झिजते, हाडाला वरच्या अंगाने कंगोरे फुटतात, आणि पाऊल टाकताना अंगठा वर वळायला गेला की हाडावर हाड अडतं. आपल्याकडे मात्र अंगठा दुखला म्हणजे युरिक ॲसिड, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माझी डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. रिपोर्ट दर वेळी नॉर्मल. युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाउटचा झटका बहुधा रातोरात येतो, सांधा लाल होतो, पांघरूण लागलेलंही सहन होत नाही, आणि काही दिवसांत ओसरतो. माझं दुखणं चालण्याशी बांधलेलं होतं. वर्गात फळ्यापुढे उभं राहिले की सुरू, घरी येऊन पाय वर घेतले की कमी. शेवटी रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. झोपून काढलेल्यात सांध्याची फट बऱ्यापैकी दिसत होती; पायावर भार देऊन काढलेल्यात ती जवळजवळ नव्हतीच. हा एक्स-रे उभं राहूनच काढून घ्या, एवढं एक तरी लक्षात ठेवा.

लगेच कोणी चाकू हातात घेतला नाही. कडक तळाचे, पुढून वर वळलेले बूट झाले, बुटात घालायची कडक पट्टी झाली, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शनही झालं. इंजेक्शनने एक दिवाळी बरी गेली. झीज कमी असेल तर फक्त वरचे कंगोरे घासून काढतात, त्याला चेलेक्टॉमी म्हणतात. त्यात सांधा हलता राहतो आणि माणूस लवकर पायावर येतो. माझी वेळ टळलेली होती. कृत्रिम सांध्याचं मीही विचारलं होतं, गुडघा बदलतात तसा हा का नाही बदलत म्हणून. डॉक्टरांचं म्हणणं, या छोट्या सांध्यातले इम्प्लांट गुडघ्याइतके भरवशाचे नाहीत. सांध्यात जेलसारखी गोटी बसवायचा एक प्रकार अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाला होता, तो २०२४ मध्ये कंपनीनेच बाजारातून परत बोलावला. हे कळल्यावर माझा हट्ट संपला. सांधा जोडण्याला आर्थ्रोडेसिस म्हणतात, आणि झीज पुरी झालेली असली तर आजही बहुतेक सर्जन त्यालाच पहिली पसंती देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं : कोन. अंगठा एकदा जुळला की त्याच कोनात जन्मभर राहणार. साधारण जमिनीपासून दहा-पंधरा अंश वर ठेवतात. जास्त वर राहिला तर बुटाच्या छताला घासतो, खाली राहिला तर पुढचा छोटा सांधा आणि अंगठ्याचं टोक भार खातं. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, टाचेच्या चपला घालता का? घरात अनवाणी असता की स्लीपर?" तेव्हा मला प्रश्न उगाच वाटला होता. कमरेखाली भूल होती, त्यामुळे पडद्यामागे सगळं ऐकू येत होतं. तळपायाला एक सपाट पत्रा टेकवून, म्हणजे मी जमिनीवर उभीच आहे असं धरून, "जरा खाली घ्या, अजून थोडं" असं चाललं होतं. तुम्ही देवघरात, स्वयंपाकघरात अनवाणी वावरत असाल तर ते डॉक्टरांनी न विचारताही सांगा.

पहिले सहा आठवडे कंटाळवाणे. टाचेवर चालायचा एक विचित्र बूट मिळतो, त्याचा पुढचा भाग अधांतरी. त्याने एक पाय उंच होतो आणि कंबर दुखायला लागते. मुलीने दुसऱ्या पायात जाड तळाची सँडल घालायला लावली, तेव्हा बरं वाटलं. हे दवाखान्यात कोणी सांगितलं नाही. ॲक्टिव्हाचे ब्रेक हातात असतात म्हणून मी लवकर गाडी काढायच्या बेतात होते, पण फिजिओथेरपिस्टने थांबवलं : सिग्नलला पाय जमिनीवर टेकवावाच लागतो, आणि अचानक टेकवला तर सगळा भार चवड्यावर. मग शंकरनगरहून मेट्रो. लिफ्ट आहेत, चाललं.

ऑपरेशन दिवाळीनंतर केलं ते फार बरं झालं. नागपूरच्या थंडीत पायमोजा आणि बंद बूट सहन होतो. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे सरकला की संध्याकाळी पाऊल टम्म फुगायचं, जोडे एक नंबर मोठे घ्यावे लागले. सूज वर्षभर रेंगाळू शकते, हे खरंच आहे. ऑपरेशनआधी साबण लावून काढलेली जोडवी चढायला तर उन्हाळा लागला. ती दुसऱ्या बोटात असतात, पण सूज काय अंगठ्यापुरती थांबते?

रोजच्या वापरातलं सांगायचं तर सपाट रस्त्यावर, अंबाझरीला फेरी मारताना, पाय विसरायला होतो. मांडी घालून बसता येतं. उठताना मात्र आधी डावा पाय पुढे घ्यावा लागतो, उजव्याचा चवडा जोर देत नाही. वज्रासनात उजवं पाऊल सपाट पसरलं तर चालतं, बोटं मुडपून बसणं बंद. उकिडवं बसताना टाच टेकत असेल तर जमतं. चवड्यावर बसायची सवय असलेल्यांना गावाकडच्या संडासात अडचण येणार. वरच्या फळीवरचा डबा आता स्टूल घेऊनच. उंच टाचा संपल्या, त्याचं मला दुःख नाही. कोल्हापुरी संपली, त्याचं आहे : तिचा अंगठा नेमका त्याच जागी आवळतो.

विम्याचं डोकं वेगळंच. कंपनीने आधी हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन समजून कॅशलेस अडकवलं. डॉक्टरांच्या पत्रात "संधिवात" आणि "चालण्यास अडथळा" हे शब्द आल्यावर सुटलं. पत्र आधीच घेऊन ठेवा.

दहांपैकी नऊहून जास्त जणांचं हाड नीट जुळतं. न जुळणाऱ्यांत तंबाखूवाले जास्त. सिगारेट तर आहेच, पण आपल्याकडचा खर्राही तंबाखूच आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकांच्या पुडीवर डॉक्टर चांगलेच तापले होते. साखर असेल तर ती आधी आटोक्यात आणायला लावतात.

डाव्या अंगठ्यालाही वरून कंगोरा हाताला लागायला लागलाय. तिथे फट अजून शिल्लक आहे, त्यामुळे घासण्यावर भागेल असं डॉक्टर म्हणतात. एक्स-रे दिवाळीनंतर, थंडी पडली की.